भार कुठे पडतो

अडावदच्या केळीगोदामात मशीन आलं, मोडेनाहून,
सोबत एकशे बारा पानांचं पुस्तक
आणि अकरा दिवसांसाठी सिल्वानो.

दर वाक्याच्या शेवटी तो विचारायचा, कापितो?
गडी विळे वर करून ओरडायचे,
हो साहेब, कापितो!
अन् खरंच कापायचे.
त्याला वाटायचं, समजलं ह्यांना.

तो गेला. पुस्तक राहिलं.
मालक म्हणाले, बारावी झालीस ना, तूच वाच.

रात्री फोनवर सिल्वानो म्हणतो, जोर बघ.
का वर दिलास तर : मी सहज येऊन टपकतो.
पि वर : समजलं.
आणि शेवटच्या तो वर दिलास तर : घडलं,
घडून गेलं.
अक्षरं तीच. विळाही तोच.

शब्द तोडायचा कसा, ते मला आधीच येत होतं.
उखर्डूमामानं शिकवलेलं, घडाच्या फण्या करताना :
दांड्यावर एक जागा असते
जिथं फणी सुटायला तयारच असते,
तिथं लाव. बाकी ठिकाणी चीक उडतो.
मेत्तेरे, म्हणजे ठेवणे, मी तसाच सोडवला :
मेत्. ते. रे.
जोडातल्या दोन त पैकी एक अलीकडे, एक पलीकडे,
जुळं केळ फाडून
दोघी बहिणींनी खाल्ल्यासारखं.

आमच्याकडे, मी करस, तू करस, तो करस.
क्रियापद जागचं हलत नाही,
आधी माणूस उभा करावा लागतो.
त्यांच्याकडे माणूस शेपटीत असतो,
ओ म्हणजे मी, इ म्हणजे तू,
नाव घ्यायची गरजच नाही.
मामाला सांगितलं तर म्हणाला,
मंग त्या माणसले हाक कशी मारतस?

लादणे : कारिकारे.
पुढे नुसता एक स लावला की उतरवणे : स्कारिकारे.
एका स नं ट्रक रिकामा!
मामा हसला नाही.
चाळीस वर्षं त्याचा स
मानेत होता, कमरेत होता.

ते लादतात : कारिकानो.
मी मधल्या का वर जोर देत राहिले, तीन रात्री,
सिल्वानो तीन रात्री नाही म्हणाला.
सगळा भार पहिल्या का वर,
मागची तिन्ही अक्षरं नुसती चालत येतात.
मग आठवलं, बांधावरून घड आणताना
मामा सगळ्यांत पुढे असायचा,
मागे तीन पोरं, हात हलवत.

"भार कथा पडस, ते पहिले देख, आंडेर.
ओझं मोठं नही ऱ्हास. जागा चुकस."

चैत्रात पट्टा सुरू झाला.
घड आता टांगून येतात,
बटणांवरच्या मराठी चिठ्ठ्या माझ्या अक्षरात :
लादा. उतरवा. हात लावू नका.
बारा हमालांतले चार ठेवले.
पुस्तक मीच वाचलं होतं.
हे मी कुणाला बोलले नाही, फोनवरसुद्धा.

मामा अजून येतो, दुपारी, काट्याच्या सावलीला बसतो,
चुंबळ मांडीवर घेऊन.
पट्टा बघतो. म्हणतो, चांगला चालस.

काल पान अठ्ठ्याऐंशीवर
कारिको दोनदा आलं, एकाखाली एक.
पहिल्यात भार पुढे : मी लादतो.
दुसऱ्यात भार शेवटच्या अक्षरावर सरकलेला,
आणि तेवढ्यानं मी चा तो झालेला,
आजचं कधीचंच झालेलं :
त्यानं लादलं.

अशा वेळी, फक्त अशा वेळी,
शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर ते एक तिरकी रेघ देतात,
वाचणाऱ्याचा पाय चुकू नये म्हणून.
मी पेन्सिलनं ती पुन्हा गिरवली,
जराशी गोल झाली,
चुंबळीसारखी.

बाहेर मामा विचारत होता,
चहा व्हयना का?